गाठीतला दात

मोठ्या डॉक्टरांनी माझं पोट डावीकडून दाबलं, उजवीकडून दाबलं, आणि मला पडद्यापलीकडं जाऊन बसायला सांगितलं. पडदा हिरव्या कापडाचा होता आणि खालून वीतभर उघडा. त्यातून मला मावशीची पावलं दिसत होती. चपला तिनं दाराबाहेरच काढून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी आवाज खाली आणला, पण त्यांचा आवाजच असा होता की खाली आणला तरी पलीकडं ऐकू यावा. त्यांनी विचारलं, "मुलीचं लग्न झालंय?"

"न्हाई."

"पाळी येते?"

"येती. महिन्याच्या महिन्याला येती. मी सोता बघती तिची कापडं."

"तुम्ही बघता?"

"बघाय लागतंय," मावशी म्हणाली. "आई न्हाई तिला."

मी पडद्यामागं मान खाली घालून बसले. ती बघते, हे मला ठाऊकच नव्हतं.

ही एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट. मी सतरा वर्षांची होते, तासगावला अकरावीत शिकत होते. आमचं गाव तासगावच्या पुढं, आठ-नऊ मैलांवर. माझे वडील, निवृत्ती खरमाटे, ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. गावातल्या सात गल्ल्यांना ठरलेल्या वेळी वॉल्व्ह फिरवून पाणी द्यायचं, एवढंच काम, पण आबा ते देवपूजेसारखं करायचे. माझी आई काविळीनं गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दोन वर्षांनी आबांनी दुसरं लग्न केलं. हौसा तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला आई म्हण, असं मला चार जणांनी सांगितलं. मी म्हणाले नाही. मग मावशी म्हणायचं ठरलं, आणि तिनंही कधी त्यापलीकडं काही मागितलं नाही. सहा वर्षं आम्ही दोघी एका घरात दोन भाडेकरणी राहाव्यात तशा राहिलो. भांडण नव्हतं, जवळीकही नव्हती. तिला मूल झालं नाही, आणि त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही.

दिवाळीपासून माझं पोट वाढायला लागलं. आधी मला वाटलं, मी अंगानं भरतेय. पण दंड आणि गाल उतरत चालले होते आणि परकराची नाडी तेवढी आखूड पडत होती. मावशीनं न बोलता नाड्या बदलल्या. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अनसाआत्या आली. ती आबांची थोरली बहीण, विधवा, आमच्याच गल्लीत राहायची. तिनं मला वाण देताना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मावशीला विचारलं, कितवा हाय. मी उंबऱ्यातच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आबांना सांगितलं की ती मला घेऊन मिरजेला चाललीय, आणि आबा पिशवी शोधेपर्यंत आम्ही दोघी एसटी स्टँडवर पोचलोही होतो.

मिरजेत लघवी तपासली, फोटो काढले. मोठे डॉक्टर म्हणाले, अंडाशयावर गाठ आहे, नारळाएवढी. पीळ पडला तर जिवावर बेतेल, तेव्हा काढावी लागेल, आणि लवकर. मावशीनं दोनदा विचारून घेतलं की गाठच ना. डॉक्टर म्हणाले, गाठच.

त्या शब्दावर सगळ्यात कमी विश्वास कुणाचा असेल तर तो माझा होता.

त्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. ऑगस्टात एकदा शेवटची एसटी चुकली तेव्हा वर्गातला दिलीप सुतार मला सायकलवर बसवून गावापर्यंत घेऊन आला होता. कॅनॉलच्या पुलावर त्यानं सायकल उभी केली. आम्ही दोघं पाण्याकडं बघत उभे राहिलो आणि त्यानं माझा हात धरला. मीही सोडवून घेतला नाही. विसापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ असेल. मग एक बैलगाडी आली आणि आम्ही निघालो. एवढंच. पण आमच्या सरांनी शास्त्राच्या पुस्तकातला तो एक धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता, आणि घरी वाचला तरी त्यात बेडकाच्या पलीकडं काही नव्हतं. मूल कशानं होतं हे मला सतराव्या वर्षी नक्की माहीत नव्हतं. ऑगस्टपासून मी महिने मोजत होते. पाळी येत होती, पण ती चुकून येत असेल असं मी मनाला सांगायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी माझी वेणी घालत होती. सिस्टरनं केस घट्ट बांधायला सांगितले होते. वॉर्डात दोन ओळींत चौदा खाटा होत्या आणि जेवणानंतरची सगळीकडं झोप होती. माझी पाठ तिच्याकडं होती म्हणूनच मला बोलता आलं. मी तिला सायकल सांगितली, पूल सांगितला, हात सांगितला.

तिचे हात थांबले. "मग?"

"मग काही नाही. गाडी आली."

"हात सोडला?"

"हो."

"आनखी काय? सगळं सांग."

"सगळंच सांगितलं."

तिनं वेणी पुरी केली, गाठ मारली आणि मला आपल्याकडं वळवलं. हसू आवरायचा प्रयत्न करत होती, पण तिला ते आवरत नव्हतं. म्हणाली, "हात धरल्यानं पोट यायला लागलं तर गावात पाय ठिवाय जागा उरंल का गं?" मग माझा चेहरा बघून ती गंभीर झाली, खाटेवर माझ्या शेजारी सरकून बसली आणि हळू आवाजात, आडपडदा न ठेवता, बाईनं बाईला सांगावं तसं तिनं मला सगळं सांगितलं. मी ऐकताना तिच्या पदराचा काठ दुमडत होते आणि उलगडत होते. पाच महिन्यांनी त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी आबा आणि अनसाआत्या सकाळच्या गाडीनं आले. मला आत नेताना आबांनी स्ट्रेचरची कड धरली होती. दारापर्यंत आले आणि तिथं त्यांना थांबवलं.

त्यानंतरचं मला आठवतं ते तहान. मावशी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून माझ्या ओठांवर फिरवत होती. आबा दिसले नाहीत. मी विचारलं तर ती म्हणाली, गावाला पाणी कोण सोडणार. आत्याही दिसली नाही, पण तिच्याबद्दल मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं आपल्या जुन्या लुगड्याचा एक पट्टा फाडला आणि माझ्या डोक्याला, कान झाकतील असा बांधला. कानांत कापसाचे बोळे घातले. माझी खाट पंख्याखाली होती. तिनं सिस्टरशी हुज्जत घालून ती भिंतीकडं सरकवून घेतली. वारा लागायला नको, म्हणाली. मला वाटलं, ऑपरेशन झालं की असंच करत असतील. तिनं सिस्टरला अळिवाची खीर चालेल का म्हणूनही विचारलं, आणि सिस्टर तिच्यावर खेकसली, की अजून आतडी चालू व्हायचीत आणि ह्यांना खिरी सुचताहेत. मग मावशी माझ्या पायथ्याशी बसून पाय चेपायला लागली. पोटऱ्यांपासून तळव्यांपर्यंत, मग पुन्हा वर. दिवसातून तीन-चार वेळा.

आणि ती बोलायला लागली. सहा वर्षांत बोलली नसेल इतकं त्या तीन दिवसांत बोलली. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, तिच्या बहिणींबद्दल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, मी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, "लग्नाच्या पयल्याच साली मला दिवस हुते. चौथ्या म्हैन्यात गेलं."

मी म्हणाले, मला कधी कुणी सांगितलं नाही.

"तू अकरा वर्सांची. तुला काय सांगायचं? माजीबी कुनी इचारपूस केली न्हाई. कुटं पुरलं, काय केलं, मला दावलंबी न्हाई. सुईन घिऊन गेली फडक्यात." थोडा वेळ ती पायच चेपत राहिली. "शालन, झालेलं कायबी मनात धरून बसायचं नसतं. अंग बरं हुतंय. मग मनबी हुतंय."

हे ती मला का सांगतेय, ते मला कळेना. मला तिचं वाईट वाटलं. तिचा हात धरावा असंही वाटलं, पण सलाईनची सुई माझ्या हातात होती आणि तेवढं कारण मला पुरलं.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर कित्तूर ड्रेसिंगला आल्या. धारवाडकडच्या, शिकाऊ, पंचविशीच्या असतील. ऑपरेशनच्या वेळी त्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या. ड्रेसिंग दुखलं म्हणून मी डोळे मिटून पडले होते. त्यांचं झालं, ट्रे उचलला, तेवढ्यात मावशीनं त्यांना खाटेच्या डोक्याशी थांबवलं. मला झोप लागली असं तिला वाटलं असावं.

"बाई, येक मागायचं हुतं," ती म्हणाली. "ते जे निघालं पोरीच्या पोटातनं, ते आमच्या ताब्यात मिळंल का?"

डॉक्टरांनी विचारलं, कशाला.

"मातीत घालायचं हुतं."

कापसाच्या बोळ्यांतूनही मला सगळं नीट ऐकू येत होतं.

"मी बघितलं ते," मावशी पुढं म्हणाली. "तुमीच भाईर आनून दावलं न्हवं. पाळी येत हुती म्हनून आदी मीबी गाठच धरली हुती, पर डोळ्यांनी दिसलं. केस हुते. दात हुता. पुरं झालं न्हवतं, पर जीव हुता त्यो. बाटलीत घालून फळीवर ठिवायचं, मला पटत न्हाई. मी येकटीच नेती. कुनाला सांगत न्हाई. आन पोरीला ह्यातलं काय कळू दिऊ नगा. ल्हान हाय ती."

ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला आणि स्टूल ओढल्याचा.

"मावशी, बसा तुम्ही," डॉक्टर कित्तूर म्हणाल्या. "त्या दिवशी आम्ही घाईत होतो. नुसतं नाव सांगून आत गेलो. चूक झाली आमची."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं मराठी तुटक होतं, त्यामुळं एकेक गोष्ट त्या सावकाश आणि सोपी करून सांगत होत्या. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात बिया असतात. त्या बियांमध्ये सगळं बनवायची ताकद असते, केस, कातडी, हाड, दात, सगळं. क्वचित एखादी बी, पुरुषाचा काही संबंध नसताना, आपली आपणच वाढायला लागते. पण तिला काय करायचं ते कळत नाही. मग थोडे केस करते, चरबी करते, एखादा दात करते, आणि त्याची गाठ होत जाते. ते मूल नसतं आणि मूल कधी होऊही शकत नाही. पाच वर्षांच्या पोरीच्या पोटातही अशी गाठ सापडते, आणि पुरुषांतही कधी कधी सापडते.

"शालनच्या पोटात ही लहानपणापासून असेल," त्या म्हणाल्या. "वयात आल्यावर वाढली."

"म्हंजे ह्यात कुनाचा हात न्हाई?"

"कुणाचाच नाही. तिचापण नाही."

मावशीनं ते दोनदा वदवून घेतलं. मग तिनं गाठीचं नाव विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, टेराटोमा. मावशीनं त्याचा अर्थ विचारला, तेव्हा त्या जरा अडखळल्या. म्हणाल्या, जुन्या परक्या भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ राक्षसी गाठ. पूर्वीच्या लोकांनी आत दात-केस बघितले, घाबरले, आणि तसं नाव पडलं.

"येवढ्याशा दाताला राक्षस म्हनत्यात व्हय," मावशी म्हणाली.

पुढं तिनं विचारलं की ही वाईटातली गाठ तर नव्हे. डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्ट यायचाय, पण असा दात, असे केस पुरे तयार झालेले असले की बहुतेक चांगलीच असते. दुसरं अंडाशय धड आहे, पुढं मुलंही होतील. मग त्या उठल्या, आणि जाता जाता माझ्या डोक्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे सोडा आता. बाळंतीण आहे का ती?"

पावलं गेली. मावशी जवळ आली. तिनं माझ्या डोक्याचा पट्टा सोडला, एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्यातला. मी डोळे उघडले.

तिला कळलं की मी ऐकलंय. मला कळलं की तीन दिवस ती माझं बाळंतपण करत होती.

आपला जीव वाचला, आपण काही केलेलं नाही हे सिद्ध झालं, ह्याचा आनंद मला तेव्हा झाला असता तर बरं झालं असतं. मला आला तो राग. मी तिला सगळं सांगितलं होतं, एक अक्षर ठेवलं नव्हतं, आणि तरी तिला वाटलं की मी खोटं बोलले. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. संध्याकाळी पायथ्याशी बसून तिनं पाय चेपले, ते कालच्यासारखेच. मी पाय आखडून घेतले नाहीत, पण तिच्याशी बोललेही नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. काय हवं-नको ते मी सिस्टरकडं मागायला लागले.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात काय झालं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. डॉक्टर कित्तूरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये गाठ बाहेर आणून दाखवली होती. पिवळ्या चरबीत काळ्या केसांचा पुंजका होता आणि एका कडेला दाढेसारखा पांढराशुभ्र दात. आबा भिंतीला टेकून खाली बसले. आत्या म्हणाली की मोठी माणसं आहेत, पोरीची अब्रू झाकायला गाठ म्हणतात. आबांनी कुणालाच काही विचारलं नाही. दुपारच्या गाडीनं आत्याबरोबर निघून गेले.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मावशीनं तासगावच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला आणि आबा त्याच संध्याकाळी आले. तिनं त्यांना माझ्याकडं येऊ दिलं नाही. आधी डॉक्टर कित्तूरांकडं घेऊन गेली. आबांनी म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सांगा. दुसऱ्यांदा त्यांनी ते टोपी हातात घेऊन, उभं राहून ऐकलं.

मग ते माझ्या खाटेशी आले. पाच दिवसांत त्यांची दाढी पांढरी वाढली होती. त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. सलाईनच्या बाटलीकडं बघत त्यांनी विचारलं, पाणी प्यायला देतात का. मी हो म्हणाले.

"शालन," ते म्हणाले, "मी यायला पायजे हुतं."

त्यांना मी लगेच माफ केलं. बापाला माफ करणं मला सोपं गेलं. ते मधे फिरकलेच नव्हते, तरी सोपं गेलं. जी पहिल्या दिवसापासून खाटेशी होती तिच्याशी मात्र मी घरी जायच्या एसटीतही बोलले नाही. ती माझ्या शेजारी बसली होती. खड्डा आला की पोटावर धरायला तिनं माझ्या मांडीवर उशी ठेवली होती.

घरी आल्यावर शेजारणींच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली. आबांनी सगळा आठवडा गावाला पहाटे चारला पाणी सोडलं होतं. बायका हंडे घेऊन नळावर येतील तेव्हा आपण वॉल्व्हजवळ दिसायला नको, म्हणून. बायकांची झोपमोड झाली, ग्रामपंचायतीत तक्रारी गेल्या, पण आबांनी वेळ बदलली नाही. आत्यानं जे सांगायचं ते सगळीकडं सांगून झालं होतं.

आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीही आबा पहाटे उठून वॉल्व्हची चावी शोधायला लागले. मावशीनं ती उशाखाली ठेवली होती. तिनं सांगितलं, आज आपल्या गल्लीला सातला पाणी, नेहमीसारखं. आबा परत येऊन पडले.

सातला पाणी आलं. नळ आमच्या दारासमोरच होता. मी दाराच्या आत बाजेवर पडून होते, तिथून मला नळावरच्या बायका दिसत होत्या. दहा-बारा जणी असतील. आत्याही तिची घागर घेऊन आली होती. मावशी हंडा घेऊन बाहेर गेली तशी सगळ्यांची बोलणी थांबली. ती रांगेत उभी राहिली नाही. हंडा खाली ठेवून नळाच्या कट्ट्याशी गेली.

"शालनचं आप्रेशन झालं, ते ठावं हाय सगळ्यास्नी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण पाण्याच्या धारेवरून तो मला ऐकू आला. "गाठ हुती. गाठीत केस हुते आन येक दात हुता. वन्संनी बघितला, मीबी बघितला. वन्संनी तुमास्नी खोटं सांगितल्यालं न्हाई."

आत्यानं घागर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मलाबी वाटलं, पोरच हाय. मी तर डाक्टरनीकडं ते मातीत घालायला मागितलं. तवा तिनं बसवून समजावलं. ते पोर न्हवतं. कांद्याच्या चाळीत कांदा पडून असतोय. माती न्हाई, पानी न्हाई, कुनी लावल्याला न्हाई. तरी कोंब येतोय का न्हाई? तसं झालं हिच्या पोटात. ल्हानपनापास्नं हुतं. कुनाचा हात न्हाई त्यात. मी चुकले. आता इचारायचं आसंल ते मला हितं इचारा. तिला इचारू नगा."

हंडा भरून वाहायला लागला तरी ज्या बाईचा होता तिचं लक्ष नव्हतं. मग रांगेतली एक म्हातारी म्हणाली की तिच्या जावेच्या पोटातही अशीच गाठ निघाली होती, तीन लेकरांच्या मागं, आणि तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. दुसरीनं विचारलं, पोरगी जेवते का आता. आत्या शेवटी म्हणाली, "डाक्टरनं आदीच नीट सांगाय नगं का मग?" मावशी म्हणाली, सांगायला पाहिजे होतं. तिनं आत्याची घागर घेऊन नळाखाली लावली, भरली, आणि तिच्या डोक्यावर उचलून दिली.

मी बाजेवर पडल्या पडल्या रडले. टाके दुखत होते म्हणून आवाज न करता रडावं लागलं.

आज मावशीला जाऊन सहा वर्षं झाली. मला दोन मुली आहेत, थोरलीला यंदा मुलगा झाला. मी शेवटपर्यंत तिला मावशीच म्हणत राहिले आणि तिला त्यात कधी काही उणं वाटलं नाही. पण नळावरच्या त्या सकाळी मला एक विचारायचंच होतं. आबा दुसऱ्या गल्लीचा वॉल्व्ह फिरवायला गेले होते. मी भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून तिनं पाट पुढं सरकवला. मी बसले नाही. आठवडाभरानं मी तिच्याशी बोलत होते.

"तुला वाटलं मी खोटं बोलले."

"व्हय," ती म्हणाली. "वाटलं, भ्याली आसंल. समदं सांगायचं धाडस झालं नसंल."

"मग विचारलं का नाहीस? तीन दिवस होतीस माझ्याजवळ. एकदा तरी विचारायचंस."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. तिला उत्तर शोधावं लागलं नाही. मी असं काय विचारतेय, एवढंच नवल तिच्या चेहऱ्यावर होतं.

"इचारून काय केलं आसतं?" ती म्हणाली. "तू व्हय म्हनाली आसतीस, तरी तुला घरीच आनायचं हुतं. न्हाई म्हनाली आसतीस, तरी घरीच. मग वल्या टाक्यावर उगं कशाला इचारायचं?"